पांढऱ्या फुलांची एकशे एकतीस झाडं

११ जुलै
उगवण मोजली. पेरले सोयाबीनचे साडेसहाशे दाणे, उगवले सहाशे दहा. काही गोगलगायींनी खाल्ले. तक्रार नाही.
पाचही वाफ्यांत आत्ता सगळी झाडं सारखीच दिसतात, शाळेच्या पहिल्या दिवशीच्या पोरांसारखी. महिनाभरात एकेकाचे गुण बाहेर पडतील.
दिग्रसहून रशीदभाईंचा फोन. शनिवारचा ठरलेला. म्हणाले, "म्याडम, आपली औलाद कशी हाये?" सांगितलं, दोन पानांवर आहे. समाधान झालं त्यांचं.
स्कूटी पुन्हा पंक्चर. लोहाऱ्यापासून फार्मपर्यंत ढकलत आणली.

१४ जुलै
संशोधन केंद्राच्या प्रमुख सरांना टिपण हवं आहे: 'हा प्लॉट कशासाठी?' एका पानात, कार्यालयीन भाषेत. ते लिहीन. खरं इथे लिहिते.
चार वर्षांपूर्वी रशीदभाईंना सोंगणीला बाया मिळाल्या नाहीत. वाळलेलं सोयाबीन पंधरा दिवस उन्हात उभं राहिलं, शेंगा तडकल्या, दाणे सगळे मातीत. वावराच्या मधोमध एकच उंच झाड होतं, त्याच्या शेंगा मिटलेल्या. दुसरा कोणी ते बैलापुढे टाकून मोकळा झाला असता. हा माणूस ते दुपट्ट्यात गुंडाळून एसटीने आमच्या फार्मवर घेऊन आला. मी तेव्हा नवीन होते. मला वाटलं, कीड दाखवायला आणलंय.
झाडाचे दुर्गुणही भरपूर. तीन आठवडे उशिरा पिकतं. दाणा बारीक. फूल पांढरं. आपलं नेहमीचं वाण वेळेवर पिकतं, दाणा टपोरा, फूल जांभळं, पण वाळलं की शेंगा लगेच फुटतात. दोघांचा संकर केला. चिमट्याने कळ्या उघडून उघडून मान मोडली, तेव्हा कुठे अकरा शेंगा धरल्या. आता वाफ्यांत आहेत ती नातवंडं. प्रत्येक झाड वेगळं निघणार. मला हवी शेंग र.भा.च्या झाडाची आणि वेळ आपल्या वाणाची. एवढंच. एवढंच म्हणजे बरंच.
आणि हे टिपणात येणार नाही: र.भा.च्या झाडाचं मूळ बी मी एक वर्ष जास्त पाकिटात ठेवलं. सोयाबीन तसं राहत नाही, मला शिकवलेलं आहे, मी इतरांना शिकवते. गेल्या वर्षी पेरलं तर एकही दाणा उगवला नाही. र.भा.कडेही उरलेलं नाही. म्हणजे त्या झाडाचं जे काही शिल्लक आहे ते या पाच वाफ्यांत आहे, दुसरीकडे कुठेही नाही.

२ ऑगस्ट
पहिली फुलं. जांभळी जास्त, पांढरी कमी. चारांत एक पांढरं, पुस्तकात लिहिल्याप्रमाणे. बाविसाव्या वर्षी परीक्षेत हे लिहिलं होतं, पण वाफ्यात उभं राहून मोजताना अजून गंमत वाटते.
झाडांना अजून चिठ्ठ्या बांधलेल्या नाहीत. बैठकीहून आले की पहिलं ते.

७ ऑगस्ट
दोन दिवस बैठकीला बाहेरगावी होते. आज दुपारी बाराला फार्मवर. वाफे लांबूनच वेगळे दिसले. सगळे जांभळे. एकही पांढरं फूल नाही. वाफ्यांच्या कडेच्या धुऱ्यावर उपटलेल्या झाडांचा ढीग.
फार्मवरची मजूर पंचफुलाबाई आणि तिच्या तिघी बाया. शेजारी बीजोत्पादनाचा प्लॉट आहे, त्यातली भेसळ काढायला आल्या होत्या. तिथे नियमच तो. दुसऱ्या रंगाचं फूल दिसलं, उंच झाड दिसलं, की मुळासकट बाहेर. पंचफुलाबाई बावीस वर्षं हेच करते, तिच्यासारखी नजर जिल्ह्यात नाही. काम लवकर आटोपलं. वेळ होता. म्याडमचे वाफे फारच भेसळीचे दिसले. म्याडम परक्या गावी, पाहुणे आले तर नाक कापलं जाईल, म्हणून बायांनी मजुरीत नसलेलं काम प्रेमाने करून टाकलं.
माझं डोकं फिरलं. रागात माझी दिग्रसची भाषा बाहेर येते. तिला म्हणाले, "डोळे हायेत का बटनं हायेत तुमचे? चार वर्षं मातीत घातले माह्ये." साठीची बाई. मी धुऱ्यावर बसले आणि रडले, सगळ्यांसमोर, एखाद्या लहान मुलीसारखी.
थोड्या वेळाने पाहते तर ती ढिगापाशी उकिडवी बसून एकेक झाड उलटसुलट करत होती. मुळांना माती होती. कालपासून झड लागलेली, चिखल. म्हणाली, "मेलं नाई अजून. मिरचीचं रोप लावतो तसं लावून पाहू."
मी म्हणाले, फुलावर आलेलं सोयाबीन उपटून कोणी लावतं का? ती म्हणाली, "उपटते तरी कोण?" पहिल्यांदाच जरा जोरात.
विहिरीजवळच्या पट्ट्यात लावली. पानं अर्धी खुडली, फुलं खुडली, मुळं चिखलात बुडवून एकेक. वरून बाभळीच्या फांद्या टोचल्या सावलीला. पाचही बाया पावसात, मी धरून. मोजून एकशे एकतीस.

८ ऑगस्ट
झड सुरू. कधी नव्हे ते बरं वाटतंय.
सरांना फोन केला. ते शांत माणूस, त्यांचा रागच येतो. म्हणाले, शेंगेचा गुण फुलाच्या रंगाला बांधलेला नसेल तर उरलेल्या जांभळ्यांतही तो असणारच, शोधा. विचारलं, आणि बांधलेला असेल तर? सर खोकले. मग म्हणाले, ऑक्टोबरात कळेल.

९ ऑगस्ट
सगळी एकशे एकतीस माना टाकून. पंचफुलाबाई आली नाही.

१० ऑगस्ट
आजही नाही. बाया म्हणतात माहीत नाही, आणि माझ्याकडे बघत नाहीत. मला कळतं.

११ ऑगस्ट
लोहाऱ्याला तिच्या घरी गेले. रस्ताभर वाक्य जुळवत होते. दारात उभी राहिले तर पंचफुलाबाई खाटेवर, गाल सुजून एवढा, तोंडात कापूस. दाढ काढली होती. तीन दिवस माझं मन मला खात होतं आणि बाई दाताच्या डॉक्टरकडे.
तरी माफी मागितली. जुळवलेलं वाक्य आठवलंच नाही. म्हणाले, मी चुकले, तुम्हाला आधी सांगायला हवं होतं, तुमच्या जागी मी असते तर मीही तेच केलं असतं. तिने कापूस काढला. म्हणाली, "दाढेचं दुखणं गेलं. बोललेलं जाले टाइम लागन." मग सुनेला चहा ठेवायला सांगितला.
मग तिला सांगत बसले. एफ-टू म्हणजे नातवंडं. आजोबाचं नाक नातवाला येतं, आजीचा रंग नातीला, एकाच घरात दहा तऱ्हा. बीजोत्पादनात आपल्याला सगळी एकसारखी हवीत. इथे तऱ्हाच हव्यात, त्यांतूनच कामाचं निवडायचं. ऐकून घेतलं. म्हणाली, "म्हंजे जे मी फेकतो थे तुमी शोधता." बरोबर तेच.

१९ ऑगस्ट
बासष्ट झाडं उभी. बाकी गेली.

३० ऑगस्ट
आता सदतीस. पण ही सदतीस हिरवी आहेत, वरून नवीन पालवी, आणि आज एका झाडाला पुन्हा फूल. पांढरं. आईला फोन करून सांगितलं. ती म्हणाली, जेवलीस का?
चिठ्ठ्या बांधल्या. पं.ने सुतळीचे तुकडे आधीच एका मापाचे कापून ठेवले होते.
र.भा.ना अजून सांगितलेलं नाही. शनिवारी फोन येतो, मी "ठीक आहे" म्हणते. हे खोटं बोलणं झालं.

५ सप्टेंबर
सांगितलं. सगळं, मूळ बी मेलं तेसुद्धा. र.भा. म्हणाले, "म्याडम, माह्या वावरात एकच उभं व्हतं. तुमच्यापाशी सदतीस हायेत." आणि गव्हाच्या बियाण्याबद्दल बोलायला लागले.

१ ऑक्टोबर
वाफ्यातली जांभळी पिकू लागली. पानं गळाली. विहिरीजवळची सदतीस अजून हिरवी, अंगाने लहान, शेंगा थोड्या. काहींना पाच-सहाच.
पं. आज वाफ्यातून फिरली, शेंगा बोटांत धरून दाबत. कुठलीच आवडली नाही तिला. तोंड वाकडं.

१२ ऑक्टोबर
ठरवल्याप्रमाणे जांभळी सोंगली नाहीत, वाळून उभी ठेवली. रात्री नीलगाई, आमच्याकडचे रोही, आत शिरले, दोन ओळी तुडवल्या. काटेरी फांद्या लावून घेतल्या.

२० ऑक्टोबर
जांभळ्यांचा निकाल. फुटली. जवळजवळ सगळी. चार-दोन अर्धवट टिकली, पण पिशवीत घालून हलवली की तीही मोकळी. जमिनीवर दाण्यांचा सडा.
म्हणजे गुण पांढऱ्याच्याच सोबतीला होता. नेमका उपटला गेलेला तोच.
वाटलं सगळं संपलं, खोटं कशाला लिहू. पण सोबत दुसराही विचार आला: मग विहिरीजवळ काय आहे?

२४ ऑक्टोबर
विहिरीजवळची आता पिवळी पडताहेत. पं.ला म्हणाले, पैज लावू. वाळायच्या आधी सांगा कुठली टिकतील. चहाची पैज. ती सदतीस झाडांपाशी एकेक करून बसली. शेंगेच्या शिवणीवरून नख फिरवायचं, डोळे मिटून. अकरा झाडांना लाल चिंधी बांधली. मी विचारलं, कशावरून? "कातडं चिवट हाये. सांगता नाई येत. हाताले समजते."
बावीस वर्षं वेगळं झाड ओळखत आलेला हात आहे तो. मला आत्तापर्यंत तो फक्त वेगळं काढून टाकणारा वाटायचा, किती मूर्ख मी.

११ नोव्हेंबर
वाळून दहा दिवस झाले. सदतीसपैकी नऊ टिकली.
नवांपैकी सात लाल चिंधीची.
चहा मी पाजला. समोसेही. पं. म्हणाली, चार चुकले. मी म्हणाले, माझ्याकडे डिग्री आहे, मला एकही ओळखता आलं नसतं. खरंच आहे.

१३ नोव्हेंबर
सरांशी दीड तास. त्यांनी आकडे मांडले. पांढऱ्यांत चारांत एक, जांभळ्यांत जवळजवळ शून्य. त्यांचा अंदाज: शेंग घट्ट राहायला दोन वेगळे गुण एकत्र यावे लागतात, आणि त्यांतला एक पांढऱ्या फुलाला चिकटलेला. छान बसतं. मग त्यांनी थंड पाणी ओतलं. झाडं उपटून लावलेली आहेत, अर्धमेली वाढली, शेंगा अर्ध्या भरल्या. कमी भरलेली शेंग तशीही उशिरा तडकते. गुण रक्तातला की उपासमारीचा, हे एका पिढीवरून सांगता येत नाही.
वेळेचंही तेच. पुन्हा लावल्यामुळे सगळीच उशिरा पिकली. त्यांतली मुळात लवकरची कोण, काय माहीत.
मला राग आला आणि त्यांचं पटलंही. दोन्ही एकदम.

२७ जानेवारी
उन्हाळी पेरलं. विहिरीला पाणी आहे, पट्टा तोच. नऊ झाडं म्हणून नऊ ओळी, आणि शेजारी तुलनेला आपलं नेहमीचं वाण. काही ओळींना पंधरा दाणे, काहींना अठ्ठावीस. चौथ्या ओळीला तेवीस.
पं. एकेक दाणा बोटाने दाबत होती. इतर बायांना तिने सकाळीच बजावलं, या पट्ट्यात निंदायला मी आणि म्याडम, तिसरं कोणी पाय ठेवायचा नाही. तिच्या आवाजाला मीही घाबरले.

६ फेब्रुवारी
चौथ्या ओळीत तेवीसपैकी एकवीस उगवले. बाकीच्याही बऱ्या. जीव भांड्यात.

१२ मार्च
सगळीकडे पांढरी फुलं. अपेक्षितच, पण नऊ ओळी एका रंगाच्या पाहून मी तिथेच बसून राहिले. उंचीत मात्र फरक. पाचवी ओळ तर गवारीसारखी वर चालली आहे. सातवी बुटकी, देखणी नाही, पण पानं स्वच्छ.
पं. विचारत होती, यातलं फेकायचं कोणतं. म्हणाले, अजून कोणतंच नाही. "जड जाते बाई," म्हणाली. तिला खरंच जड जातं.

१८ एप्रिल
आपलं नेहमीचं वाण पिवळं पडलं. आणि त्याच दिवशी चौथी ओळही. सातवी दोन दिवस मागे. बाकीच्या अजून हिरव्यागार, पाचवी तर मे बघणार.
चौथी लवकरची आहे. चौथी लवकरची आहे. दोनदा लिहिलं.
शेंगाही या वेळी पूर्ण भरलेल्या, तीन-तीन दाण्यांच्या. उपासमार वगैरे काही नाही. आता फक्त वाळणं आणि वाट पाहणं. सर म्हणाले, वाळल्यावर दहा दिवस एप्रिलच्या उन्हात राहू द्या, यवतमाळचं ऊन खोटं बोलणार नाही.

२५ एप्रिल
चौथी आणि नेहमीचं वाण दोन्ही खडखडीत वाळलं. पारा बेचाळीसवर. आजपासून दिवस मोजायचे.

२७ एप्रिल
तिसरा दिवस. नेहमीच्या वाणाच्या शेंगा दुपारी फुटायला लागल्या. तड, तड. दाणा दोन हात लांब उडतो. चौथीकडे बघायचं धाडस होत नव्हतं. पं. गेली, ओणवी होऊन ओळीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत. परत आली, डोक्यावरचा पदर सारखा केला, म्हणाली, "मिटलेल्या हायेत."
सातवीत एका झाडाच्या तीन शेंगा फुटल्या. नोंद केली. वाईट वाटलं.

२९ एप्रिल
पाचवा दिवस. र.भा. दिग्रसहून आले, एसटीने. फोनवर नको म्हणाले होते मी, ऊन फार आहे. ऐकतात कुठे.
दुपारी आम्ही तिघं ओळीच्या कडेला. नेहमीच्या वाणाची जवळजवळ सगळी रास खाली. चौथी उभी, एकवीस झाडं, रंग तांबूस. र.भा.नी एक शेंग मागितली. अंगठ्याने शिवण दाबली, उघडेना. पुन्हा दाबली. मग दातांनी उघडली आणि तीन दाणे तळहातावर घेऊन बघत राहिले. त्यांच्या झाडाच्या दाण्याहून थोडे मोठे आहेत, मी सांगायच्या आधीच त्यांच्या लक्षात आलं.
त्यांनी विचारलं, माझ्या वावरात कधी? मी खोटं बोलले नाही. हे दहा दिवस टिकलं तर पावसाळ्यात पुन्हा. मग उत्पन्न, मग रोग, मग वेगवेगळ्या गावांत चाचण्या. पाच-सहा वर्षं, सगळं नीट झालं तर. वाटेत कुठेही संपू शकतं. उद्या दुपारीसुद्धा.
म्हणाले, "सहा वर्षांनी मी सत्तरचा असन. सत्तराव्या वर्षी पेरता येते माणसाले." पं. म्हणाली, मग सोंगायला मला बोलवा, बायांवाचून खोळंबा नको. दोघं हसले. मी पिशवीत पाकीट शोधायला लागले.
ते तीन दाणे त्यांनी मला परत दिले. चौथ्या ओळीच्या पाकिटात टाकले.
अजून पाच दिवस. चौथी उद्या फुटू शकते, मला माहीत आहे. भीती वाटते. पण आज दुपारी त्या उन्हात मी जितकी खूश होते तितकी गेल्या चार वर्षांत कधी नव्हते.